लेकराला टाकून बोललं जातं तेव्हा घरातल्या दुसऱ्या माणसाने काय करायचं

मोहरीचा डबा ओट्याखालच्या कप्प्यात होता. माझा मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा. मी भाकऱ्या थापत होते आणि तो मागे बसून ओंजळीने मोहरी वर उडवत "पाऊस आला, पाऊस आला" म्हणत होता. तेवढ्यात नवरा कंपनीतून आला. पायाखाली मोहरी चरचरली आणि तो ओरडला, "अक्कल नाही का रे गाढवा? डोक्यात शेण भरलंय का तुझ्या?" मुलगा रडला नाही. मान खाली घालून फरशीच्या खाचेतली मोहरी एकेक करून चिमटीने उचलायला लागला. मी काहीच बोलले नाही. तव्यावर भाकरी होती, समोर सासूबाई बसल्या होत्या, आणि खरं म्हणजे काय बोलावं ते मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लाकडी ट्रॅक्टर घेऊन खेळत होता. ट्रॅक्टर उलटला. तो सरळ करता करता मुलगा अगदी शांतपणे त्याला म्हणाला, "डोक्यात शेण आहे तुझ्या."

तिथून पुढे मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. काही एका समुपदेशक बाईंनी शिकवलं, काही वाचून कळलं, आणि बरंचसं चुका करून. ज्या घरात आई-बापांपैकी एकाचं तोंड रागात सुटतं, दुसऱ्याचा जीव तुटतो आणि सुरुवात कुठून करायची ते उमगत नाही, त्या घरासाठी हे आहे. मूल साधारण दोन ते सात वर्षांचं धरलं आहे. मी नवऱ्याबद्दल लिहिते, कारण माझ्या घरात तसं होतं. पण दिवसभराच्या कामाने पिचून ओरडणारी आई आणि कोपऱ्यात गप्प बसलेला बाप, अशीही घरं मी पाहिली आहेत. त्या बापांनीही हे वाचावं, पायऱ्या त्याच आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती कळायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. ओरडणं चालू असतं तेव्हा फक्त मूल सांभाळायचं. ओरडणं संपलं की मुलाशी बोलायचं. जोडीदाराशी बोलायचं ते नंतर, वेगळ्या दिवशी. ही तीन कामं मी एकाच वेळी करायला जायची आणि तिन्ही फसायची.

आधी नेमके शब्द लिहून काढा

"तू सारखा ओरडतोस त्याच्यावर." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल देव जाणे, आणि दरवेळी उत्तर एकच यायचं, "सारखा कुठे ओरडतो?" त्याचंही खोटं नव्हतं. सारखा ओरडत नव्हताच तो. समुपदेशक बाईंनी मला दहा दिवस एक रफ वही ठेवायला सांगितली. त्यात चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता, त्याआधी काय घडलं, तोंडातून नेमके कोणते शब्द गेले, आणि मुलाने काय केलं. आपलं मत लिहायचं नाही.

दहा दिवसांत सात नोंदी झाल्या. त्यातल्या पाच संध्याकाळी सात ते साडेआठच्या, म्हणजे तो घरात पाऊल टाकल्यापासून ताटावर बसेपर्यंतच्या. उरलेल्या दोन रविवारी सकाळच्या, मुलाच्या आंघोळीवरून. तोवर मला वाटत होतं की माणूसच तापट आहे. वहीतून दिसलं की बसमध्ये उभा राहून आलेला, पोटात काही नसलेला माणूस दारात चप्पल काढतोय आणि त्याच क्षणी मूल, पसारा, आवाज सगळं अंगावर येतंय. याने त्याचं बोलणं माफ होत नाही. पण हात कुठे घालायचा ते मला कळलं.

वही भरताना शब्दांची प्रतवारी करा. "थांब! गरम आहे!" हे ओरडणं वाईट नाही, गॅसजवळ आणि रस्त्यावर ते हवंच. "पसारा आवर म्हटलं ना!" यात वैताग आहे, पण राग पसाऱ्यावर आहे. असं घराघरात होतं. या दोन्हींवर भांडत बसू नका, तुमची शक्ती तिथेच संपेल. काम सुरू होतं ते मुलालाच नावं ठेवली जातात तिथून: गाढव, बिनडोक, मंद, नालायक, रडतराऊत, "शेजारचा तो बघ, आणि तू बघ". त्याच्या वरची पायरी धमक्यांची: "तंगडं तोडीन", "कानफटात देईन", "बाहेर काढून दार लावून घेईन". आणि सगळ्यात वाईट ते शब्द, जे मुलाच्या असण्यावरच येतात: "तू झालाच नसतास तर बरं", "तुझ्यामुळे माझं आयुष्य नासलं", मुलगी असेल तर "एक तर पोरगी, त्यात ही असली". हे एकदाही चालवून घ्यायचं नाही.

मोठ्यांना वाटतं, बोलायचं म्हणून बोललो, मनात काही नव्हतं. चार वर्षांच्या मुलाला वैतागाचं बोलणं आणि खरं बोलणं वेगळं काढता येत नाही. "टाकून देईन" म्हटलं की त्याला अंधार दिसतो, बंद दार दिसतं. शिवाय या वयात मूल जे काही घडतं त्याच्या मध्यभागी स्वतःला धरूनच विचार करतं. बाबा साहेबांवर चिडून आलेत हे त्याच्या डोक्यात येत नाही. आपण वाईट आहोत एवढंच येतं.

ही वही जोडीदारासमोर पुरावा म्हणून आपटायची नाही. ती तुमच्यासाठी आहे. ती हाती लागल्यावर मार बसेल अशी भीती वाटत असेल तर ती घरात ठेवूच नका, आणि मधल्या पायऱ्या सोडून थेट शेवटचा भाग वाचा.

ओरडणं चालू असताना

मी आधी काय करायची सांगते. "काय बोलतोयस तू लेकराला! लाज वाटते का काही?" असं म्हणत मैदानात उतरायची. मूल मध्ये उभं, आणि आता एकाच्या जागी दोन आवाज. त्याला त्यातून एवढंच कळायचं की माझ्यामुळे आई-बाबा भांडतात.

आता असं करते. गॅस बंद. चालत जायचं, धावत नाही. मुलाच्या आणि त्याच्या बाबांच्या मध्ये यायचं, पण तोंड मुलाकडे. खाली बसून हात मुलाच्या पाठीवर ठेवायचा. मग वर न बघता, हळू आवाजात, एकच वाक्य: "मी बघते. तू हात-पाय धुऊन घे." संपलं. त्यावर त्याने काही म्हटलं तरी उत्तर द्यायचं नाही. मुलाला घेऊन दुसऱ्या खोलीत किंवा गॅलरीत जायचं. घर एका खोलीचं असेल तर जिन्यात बसा, नळाखाली मुलाचे हात धुवा. चार पावलं दूर गेलं तरी पुरतं.

दोन वाक्यं टाळा. "शांत हो" म्हटल्यावर चिडलेला माणूस शांत झालेला मी पाहिला नाही, आणखी पेटलेला पाहिला आहे. आणि घरात सासू-सासरे किंवा पाहुणे असताना "मुलासमोर नको" म्हणू नका. चारचौघांत आपल्याला शिकवलं असं त्याला वाटतं, आणि तो राग पुन्हा मुलावरच निघतो.

खुणेचा एक शब्द आधीच, शांत वेळी, दोघांनी ठरवून ठेवा. आमचा शब्द होता चहा. "चहा टाकू?" असं मी विचारलं की त्याने समजायचं, तोंड सुटतंय, बाहेर जा. घरात इतर कोणाला काही कळायचं नाही, त्याची मान खाली जायची नाही. बाहेर गेलेल्या माणसाने निदान वीस मिनिटं परत यायचं नाही. जोडप्यांच्या भांडणांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात की नाडीचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाला समोरचं धड ऐकूच येत नाही, आणि शरीर ताळ्यावर यायला किमान २० मिनिटं लागतात. आमच्याकडे आधी दोन मिनिटांत "हां, बोल आता" म्हणत परत यायची पद्धत होती. तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. त्या वीस मिनिटांत डोक्यात भांडण घोळवायचंही नाही. दूध आणावं, झाडांना पाणी घालावं, जिना उतरून चढावा.

हात उगारला गेला असेल तर यातलं काहीच करत बसू नका. मूल उचला आणि घराबाहेर पडा.

मग मुलाशी

हीच पायरी सगळ्यात जास्त राहून जाते. हातात बिस्कीट किंवा मोबाईल देतो, मूल गप्प होतं, आणि आपल्याला वाटतं विसरलं. माझा विसरला नव्हता, ट्रॅक्टरला सांगत होता.

आधी त्याचं अंग शांत होऊ द्या. मांडीवर घ्या, पाणी द्या, पाठीवरून हात फिरवा. हुंदके थांबेपर्यंत काही समजवायला जाऊ नका. मग थोडक्यात बोला. दोन वर्षांच्या मुलाला एवढं पुरे: "बाबा मोठ्याने बोलले. भीती वाटली ना? मी आहे." चार-पाच वर्षांच्या मुलाला जरा जास्त: "मोहरी सांडली, ती आपण दोघं भरू. बाबा तुला गाढव म्हणाले, ते चुकीचं बोलले. तू गाढव नाहीस. मोठ्यांना राग आला की कधी कधी चुकीचे शब्द येतात. ते सांभाळणं मोठ्यांचं काम आहे, तुझं नाही." मुलाने खरंच काही सांडलं, फोडलं असेल तर ते झाकू नका. त्याच्यासोबत बसून आवरा. चूक वेगळी आणि शिवी वेगळी, हे त्याला तिथेच कळतं.

एका वाक्यावर माझा फार जोराचा आक्षेप आहे: "बाबांचं तुझ्यावर प्रेम आहे ना, म्हणून ओरडतात." माझी आई मला हेच सांगायची. चांगल्या मनाने सांगायची. पण त्यातून मी शिकले काय, तर जो जीव लावतो तो टाकून बोलणारच. मोठं झाल्यावर मी काय काय गिळत राहिले याचा विचार करते तेव्हा मला ते वाक्य आठवतं. प्रेम आहे हे मुलाला जरूर सांगा, पण दुसऱ्या वेळी. शिवीला जोडून सांगू नका. प्रेमाने शिवीची भरपाईही होत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या मिंग-ते वांग यांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना घरी ओरडून, अपमान करून वळण लावलं जात होतं त्यांच्यात पुढे उदासी आणि वागण्यातल्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या, आणि आई-बाप एरवी मायाळू असले तरी तो परिणाम कमी झालेला दिसला नाही. ती मुलं मोठी होती हे खरं. पण "मी लाडही तेवढेच करतो" म्हणणाऱ्या प्रत्येक घरासाठी मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

"बाबा आहेतच तसे" हेही मुलाशी बोलू नका. त्याला दोघंही हवे असतात. रोज संध्याकाळी "आज बाबा काय काय बोलले रे?" अशी उलटतपासणी करून त्याला हेर बनवू नका. "भीती वाटली तर केव्हाही मला सांग" एवढंच म्हणा, आणि तो सांगायला येईल तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवा.

लक्ष ठेवायच्या काही खुणा: सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, बोलताना अडखळतं, बेल वाजली की एकदम गप्प होतं, बाहुलीला किंवा धाकट्या भावंडाला तेच शब्द वापरतं. हे दोन-तीन आठवडे टिकलं तर नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना सांगा. लाजू नका, त्यांच्याकडे असं सांगणारे तुम्ही पहिले नसता.

जोडीदाराशी बोलणं

त्याच रात्री नको. दारू घेतली असेल तर मुळीच नको. मेसेज लिहून नको, कारण मेसेजला आवाज नसतो आणि वाचणारा आपला राग त्यात भरतो. एक-दोन दिवस जाऊ द्या आणि चालता चालता बोला. आम्ही रविवारी भाजी आणायला जाताना बोलायचो. शेजारी-शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडत नाही, हातात पिशवी असते, आणि मंडईपर्यंतच वेळ असतो म्हणून बोलणं लांबतही नाही.

मोहरीच्या गोष्टीनंतर मी एवढंच म्हटलं, "परवा मोहरी सांडली तेव्हा तू त्याला 'डोक्यात शेण' म्हणालास. काल तो ट्रॅक्टरला तेच म्हणत होता." आणि थांबले. हे थांबणं मला सगळ्यात अवघड गेलं. जिभेवर दहा वाक्यं होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. टेकडीच्या वळणापर्यंत आलो तेव्हा म्हणाला, "आमचे दादा म्हणायचे हे. हेच शब्द." दादा म्हणजे त्याचे वडील. त्यापुढे त्या दिवशी आम्ही काहीच बोललो नाही, मेथी घेऊन परत आलो. पण खरी सुरुवात ती.

प्रत्येक घरात असं होईलच असं नाही. बहुतेकदा ठरलेली उत्तरं येतात, तेव्हा तयारी ठेवा.

"आम्हीही बोलणी आणि मार खाऊनच मोठे झालो, काय बिघडलं?" यावर वाद घालू नका. विचारा, "तुला दादांशी मनातलं बोलता यायचं का?" टोमणा म्हणून विचारलंत तर दार बंद होईल. खरंच जाणून घ्यायचं असेल तरच विचारा. आणि हे सगळं परदेशी फॅड आहे असं कोणी म्हणालं तर ताराबाई मोडकांचं नाव घ्या. "छडी लागे छमछम" म्हणणाऱ्या आपल्याच मुलखात, गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढणाऱ्या या बाईंनी आयुष्यभर सांगितलं की भीती आणि शिक्षा यांच्याशिवाय मूल शिकतं. १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडला, अनुताई वाघांना सोबत घेऊन, आदिवासी पाड्यांवरच्या मुलांमध्ये त्यांनी ते करून दाखवलं. आणि आज शाळेतल्या बाईंनी आपल्या मुलाला गाढव म्हटलं तर आपण जाब विचारायला जातो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारण्याला आणि मानसिक छळाला बंदीच आहे. जे बाईंनी बोललेलं चालत नाही ते बापाने बोललेलं कसं चालेल, हा प्रश्न माझ्या नवऱ्याला पटला होता.

"तू लाडावून ठेवलंयस त्याला." यात कधी कधी तथ्य असतं, ते मान्य करा. आमच्याकडे मी टीव्ही लावू द्यायची आणि तो बंद करायचा, त्यामुळे खलनायक रोज तोच व्हायचा. दोघांनी मिळून तीन नियम ठरवले आणि ते मीही पाळायला लागले, तेव्हा त्याची चिडचिड निम्मी कमी झाली.

"तू पण ओरडतेस." खरं असेल तर लगेच हो म्हणा. "हो, मंगळवारी मीही बोलले. मलाही ते थांबवायचंय." बचाव करत बसलात की मूळ विषय गेलाच.

एका वेळी एकच मागणी करा. "ओरडू नकोस" ही मागणी फार मोठी आहे, ती पहिल्याच संध्याकाळी मोडते. मी पहिल्या महिन्यात फक्त एवढं मागितलं: त्याला नावं ठेवायची नाहीत, आवाज चढला तर चालेल. हे जमण्यासारखं होतं, म्हणून जमलं.

शब्दाच्या जागी शब्द

"मग मी पोराला काही बोलूच नको का?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. रागाच्या भरात नवीन वाक्य सुचत नाही, तोंडात बसलेलं वाक्यच बाहेर पडतं. म्हणून दुसरं वाक्य आधीपासून तोंडात बसवावं लागतं, आणि ते आखूड असावं लागतं. "आंधळा आहेस का, सांडलंस ना?" याच्या जागी "सांडलं. फडकं आण." "किती वेळा सांगायचं मूर्खा?" याच्या जागी "बूट रॅकमध्ये. आत्ता." "काय पोरीसारखा रडतोस!" याच्या जागी "रडून घे, मग सांग." आणि अगदीच अनावर झालं तर "मला खूप राग आलाय, मी गॅलरीत जाऊन येतो." हे शेवटचं वाक्य माझ्या नवऱ्याने आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. पहिल्यांदा खरोखर वापरलं तेव्हा मुलगा त्याच्याकडे बघतच राहिला, आणि थोड्या वेळाने गॅलरीच्या दारात जाऊन उभा राहिला.

बोलण्याइतकाच फरक वेळापत्रकाने पडला. मुलाचं जेवण साडेसहाला उरकायला लागले. नवरा आला की पहिली पंधरा मिनिटं त्याची: हात-पाय धुणं, चहा, मूठभर शेंगदाणे आणि गूळ. तोवर मुलाला मी किंवा सासूबाई खाली घेऊन जायचो. मोहरी, साखर, पीठ वरच्या फळीवर गेलं. हे सगळं मीच का करायचं, असा प्रश्न मला पडायचा आणि तो बरोबरच होता. म्हणून रविवारची आंघोळ, जिच्यावरून दोन नोंदी झाल्या होत्या, ती पूर्णपणे त्याच्याकडे दिली. मी मध्ये नसल्यावर त्या दोघांची त्यांची पद्धत बसली. ओरडणारी व्यक्ती आई असेल तर तिच्या कामातलं निम्मं काम बापाने आधी स्वतःकडे घ्यावं आणि मगच तिच्या शब्दांबद्दल बोलावं. त्याआधी बोलायचा त्याला अधिकार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

शब्द निसटणारच. निसटल्यावर मुलाची माफी मागायची. आपल्याकडे मोठ्यांनी लहानांची माफी मागायची रीत नाही, "डोक्यावर बसेल" म्हणतात. तसं होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला प्रयोग प्रसिद्ध आहे. आई बाळाशी खेळता खेळता दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार करते आणि बाळ कासावीस होतं, तिचं लक्ष वेधायला धडपडतं. त्यांच्या पुढच्या कामातून कळलं की चांगल्या, मायेच्या नात्यातही आई आणि बाळाचा सूर वारंवार चुकतो. तो पुन्हा जुळवला जातो का, हे महत्त्वाचं. माफी तेच जुळवण्याचं काम करते, पण ती शेपूट न लावता मागायला हवी. "काल मी तुला गाढव म्हणालो. ते चुकलं माझं." बस. "पण तू मोहरी का सांडलीस?" हे पुढे जोडलं की माफी राहत नाही. आणि रोज तेच बोलून रोज माफी मागत असेल तर मूल माफीवरचाही विश्वास सोडतं.

सासू-सासऱ्यांबद्दल थोडंसं. "बाप आहे, बोलणारच" असं सासूबाई म्हणायच्या. त्यांच्याशी तत्त्वाचं बोलून काही झालं नाही. "आई, हा ओरडायला लागला की तुम्ही बाळाला देवळात घेऊन जाल का?" असं काम सांगितलं तेव्हा त्या आपोआप आमच्या बाजूला आल्या.

किती दिवस, आणि कधी वाट बघायची नाही

पहिले दहा-पंधरा दिवस काही वेळा आधीपेक्षा वाईट जातात. प्रत्येक शब्दावर लक्ष आहे म्हटल्यावर माणूस बिथरतो. दोन-तीन महिन्यांनी वही पुन्हा आठवडाभर ठेवा. शून्य नोंदींची अपेक्षा धरू नका. नोंदी कमी झाल्यात का, शब्द खालच्या पायरीवर आलेत का, माफी लवकर येते का, हे बघा. आमच्या घरी अजूनही वर्षातून दोन-चार वेळा आवाज चढतो. नावं मात्र बंद झाली.

काहीच हलत नसेल तर राग हे वरचं लक्षण असू शकतं. झोप नसणं, नोकरीची भीती, बाळंतपणानंतरचं नैराश्य, दारू. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेचा, मोफत क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. ओरडणाऱ्या माणसाने स्वतः फोन केला तर उत्तमच, नाहीतर तुम्ही करा. दारूचा प्रश्न असेल तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा बऱ्याच शहरांत भरतात, आणि पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. पिणाऱ्याची तयारी नसली तरी घरच्यांनी मदत मागायला हरकत नाही.

खालीलपैकी एक जरी घडत असेल तर समजावण्याचा काळ संपला: मारहाण होते किंवा वस्तू फेकल्या जातात, मुलाला कोंडलं किंवा उपाशी ठेवलं जातं, मुलाला किंवा तुम्हाला जिवे मारण्याची भाषा होते, तुम्ही मध्ये पडलात की राग तुमच्यावर वळतो आणि तुम्ही दोघंही त्याच्या पावलांच्या आवाजाने दचकता.

तात्काळ धोका असेल तर ११२. मुलासाठी १०९८ ही चाइल्डलाइन, जी १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. फोन आई, बाप, शेजारी, शिक्षक कोणीही करू शकतं. महिलांसाठी १८१. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा फक्त मारहाणीपुरता नाही, शिवीगाळ, अपमान, टोमणे यांना तो शाब्दिक आणि भावनिक हिंसाच म्हणतो. अर्ज बाईच्या नावाने होतो, पण त्यात मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारा. महाराष्ट्रात अनेक पोलीस ठाण्यांच्या आवारात महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत, पहिला १९८४ साली मुंबईत सुरू झाला. तिथे समाजकार्यकर्त्या बसतात, तक्रार नोंदवायचीच अशी सक्ती नसते, आधी नुसतं बोलता येतं. बाप म्हणून तुम्ही मदत मागत असाल तर १०९८ आणि जिल्ह्याची बाल कल्याण समिती तुमच्यासाठीही आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ मुलाला सांभाळणाऱ्या कोणाही व्यक्तीने दिलेल्या शारीरिक वा मानसिक त्रासाला लागू होतं, मग ती आई असो की बाप. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

अशा घरात राहत असाल तर आजच एक पिशवी भरा. मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, बँकेचं पासबुक, थोडी रोख, मुलाचे दोन जोड कपडे आणि ज्याच्याशिवाय त्याला झोप लागत नाही ते खेळणं. पिशवी घरात न ठेवता विश्वासातल्या शेजारणीकडे किंवा माहेरी ठेवा. मूल पाच-सहा वर्षांचं असेल तर त्याला एक घर दाखवून ठेवा, जिथे ते एकटंसुद्धा जाऊन बेल वाजवू शकेल, आणि त्या घरातल्या माणसांनाही तसं सांगून ठेवा.